गार्डसाहेबांच्या सोळा नोटा

गार्डसाहेब आपला आल्बम कुणालाही दाखवायला बसले की सुरुवात रिकाम्या पानाने करत. पारदर्शक प्लास्टिकचा कप्पा, त्याखाली जाड कागदाची पट्टी, पट्टीवर निळ्या शाईत टपोऱ्या अक्षरांत ‘पनामा’, आणि कप्प्यात काहीच नाही. बघणारा बुचकळ्यात पडे. मग ते खुशीत येऊन सांगत, “या देशानं आपल्या नोटा एकदाच छापल्या. थोडे दिवस चालल्या असतील-नसतील, सरकार बदललं आणि नव्या सरकारनं परत घेऊन जाळून टाकल्या. दोन-चार कुठं वाचल्या त्या काही आपल्या हाती लागत नाहीत. पण बर्थ रिकामा ठेवलाय जी. कोणत्या स्टेशनवर कोण चढेल, सांगता येते काय?”

आमच्या जयपूरच्या मराठी मंडळात बँकेची, विम्याची, केंद्र सरकारी खात्यांची माणसं बदलीवर येतात, चार-पाच वर्षं गणपतीत नाटकं करतात आणि निघून जातात. काही माझ्यासारखी इथेच राहतात. मेश्राम हे रेल्वेतले. वर्ध्याकडचे. गार्डाच्या डब्यात उभं राहून त्यांची सारी नोकरी फुलेरा, बांदीकुई, सवाई माधोपूर अशी झाली आणि निवृत्तीनंतर त्यांनी सीकर रोडच्या बाजूला मुरलीपुऱ्यात दोन खोल्या बांधल्या. मंडळात त्यांना सगळे ‘गार्डसाहेब’ म्हणत. त्यातला ‘साहेब’ थोडा थट्टेचा होता हे त्यांना कळत असे. ते मात्र आम्हा सगळ्यांना मनापासून साहेब म्हणत.

मागच्या थंडीत ते गेले. मंडळाच्या स्मरणिकेच्या संपादकांनी मला फोन करून सांगितलं, “काका, तुमची त्यांची दोस्ती होती. दोन पानं द्या. ते नोटांचं वेड वगैरे, हलकंफुलकं.” मी हो म्हटलं. पण हलकंफुलकं मला लिहिता येणार नाही. गार्डसाहेबांविषयी मंडळात जी एक गोष्ट सगळ्यांना माहीत आहे ती खोटी आहे. तिच्यामुळे त्यांचं नाव गेलं, आणि त्यांच्यापेक्षाही जास्त त्यांच्या घरातल्या एका माणसाचं गेलं. ती गोष्ट मी तयार केली होती.

आधी नोटांचं वेड सांगतो. मीटरगेजच्या दिवसांत एकदा फुलेऱ्याला तापाने फणफणलेला एक परदेशी तरुण डब्यात पडून होता. गार्डसाहेबांनी गाडी थांबली तेवढ्यात डॉक्टर बोलावला, औषध आणवलं, जयपूरला उतरवून टांग्यात बसवलं. तरुणाने खिशातून एक नोट काढून पुढे केली. “मी म्हटलं, बक्षीस घेत नाही,” गार्डसाहेब सांगत. “तो म्हणाला, अहो, ही तुमच्याकडे चालतच नाही, मग बक्षीस कसं होईल? माणूस आजारी होता, पण डोकं जागेवर होतं.” ती नोट ग्वातेमालाची. नोटेवर एक लांब शेपटीचा हिरवा पक्षी. पुढे त्यांना कळलं की त्या पक्ष्याचं नाव क्वेट्झल आणि तिथल्या रुपयाचं नावही क्वेट्झलच. याचा त्यांना इतका आनंद झाला की तो वीस वर्षांनीही ओसरला नव्हता. “मतलब पाहा साहेब, बाई दुकानात जाऊन म्हणते, भैया, पाच पक्ष्यांचे तांदूळ द्या. दुकानदार म्हणतो, पाच पक्ष्यांत आता काय येते बाई, सात पक्षी काढा.”

मग मध्य अमेरिकेचे सगळेच देश त्यांनी धरले. नकाशात बोटाच्या एका पेराएवढी जागा, आणि तिच्यात सहा-सात देश, प्रत्येकाची नोट वेगळी. होंडुरासच्या नोटेवर त्यांचा विशेष जीव. तिथल्या चलनाचं नाव लेंपिरा, आणि लेंपिरा हा परक्या फौजांशी लढून मेलेला तिथला एक आदिवासी सरदार. “ज्याला जंगलात मारला, त्याचं नाव घेतल्याशिवाय आता त्यांना मीठ घेता येत नाही,” ते म्हणत. हे वाक्य ते मंडळात एकदा बोलले तेव्हा कुणीतरी नाटकाच्या तालमीचा विषय काढला. मी चहाच्या कपात बघत राहिलो.

नोटा मिळवायची त्यांची रीत वेगळी होती. दुकानदाराकडून त्यांनी कधी एकही नोट घेतली नाही. ते पत्रं लिहीत. हवामहलासमोर, अल्बर्ट हॉलच्या पायऱ्यांवर परदेशी प्रवासी दिसले की अदबीने जाऊन विचारत, आपला देश कोणता, आणि त्या बाजूचं कुणी निघालं तर पत्ता मागत. होंडुरासच्या राजधानीतला, तेगुसिगाल्पाचा एक निवृत्त पोस्टमास्तर त्यांचा पत्रमित्र झाला होता. दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं असल्यामुळे त्यांचं फार चांगलं जमे. तो वर्षातून एक-दोन जुन्या नोटा पाठवी, गार्डसाहेब त्याला सांगानेरी छापाचे रुमाल पाठवत.

साहजिकच त्यांच्या नोटा मळलेल्या असत. घड्या पडलेल्या, कोपरे झिजलेले, कुठे तेलाचा डाग, कुठे शिक्का. त्यांना त्याच आवडत. “कोरी नोट म्हणजे यार्डातला डबा, साहेब. रंग चांगला, पण गेला कुठं?” प्रत्येक नोटेखालच्या पट्टीवर देशाचं नाव, पाठवणाऱ्याचं नाव आणि शेवटी एकच ओळ असे: ‘जशी मिळाली तशी’. एका लेंपिराच्या कोपऱ्यात कुणीतरी शाईने बारीक अक्षरात काही लिहिलं होतं. एका स्पॅनिश जाणणाऱ्या प्रवासिणीने त्याचा अर्थ सांगितला: रोसाच्या बुटांसाठी. गार्डसाहेब त्या दिवशी मुरलीपुऱ्याहून दोन बस बदलून राजा पार्कला माझ्या घरी आले, फक्त हे सांगायला. “आता तुम्हीच सांगा, बूट घेतले असतील काय? नोट तर फिरत फिरत इथं आली. मतलब खर्च झाली. पण बुटांवरच झाली काय?”

पट्ट्या कापायचं काम त्यांच्या पत्नीचं, वहिनींचं. लग्नपत्रिकांचा जाड कागद जपून ठेवून त्याच्या त्या इतक्या सरळ कापत की फूटपट्टी लावून आखल्यासारख्या दिसत. रविवारी दुपारी गार्डसाहेब शब्दकोश मांडीवर घेऊन परदेशातून आलेलं पत्र मोठ्याने वाचत आणि वहिनी शेजारी बसून कात्री चालवत ऐकत. पोस्टमास्तराच्या बायकोच्या गुडघेदुखीची चौकशी वहिनींकडून प्रत्येक पत्रात जाई. नोटा कप्प्यात घालायच्या त्याही वहिनींनीच, कारण गार्डसाहेबांची बोटं जाड. त्यांच्या घरात मी पाहिलेलं सुख एवढंच, पण ते मला माझ्या घरात पाहिल्याचं आठवत नाही.

वहिनींविषयी गार्डसाहेब एक विनोद नेहमी सांगत. पगाराच्या दिवशी खिशात राहिलेली शंभराची नोट वहिनींनी शर्टासकट धुऊन दोरीवर वाळत घातली होती. “आमच्या घरी नोटांनाही आंघोळ असते,” असं ते मंडळात सर्वांसमोर म्हणत आणि वहिनी पदर तोंडाला लावून हसत. हा विनोद सगळ्या मंडळाला पाठ होता. मलाही होता.

आता माझ्याबद्दल. मी बँकेत होतो आणि पुष्कळ वर्षं रोकड विभागात. फाटक्या, मळक्या नोटा वेगळ्या काढणं हे काम हाताला इतकं बसलं होतं की भाजीवाल्याने दिलेल्या नोटाही मी नकळत चांगल्या-वाईट लावत असे. निवृत्तीनंतर गार्डसाहेबांच्या नादाने मीही मध्य अमेरिकेच्या नोटा जमवू लागलो, पण दुकानदारांकडून, कोऱ्या करकरीत. कोस्टा रिकाची पाच कोलोनची एक सुंदर नोट असते. तिच्या मागे कॉफी आणि केळ्यांच्या बंदराचं रंगीत चित्र असतं. माझ्याकडची इतकी कोरी होती की बोटाला कड लागे. गार्डसाहेबांकडची चौघडी होऊन मऊ पडलेली. लोकांना माझी नोट दाखवली की ते “वा” म्हणत आणि गार्डसाहेबांकडे जाऊन बसत. गोष्ट त्यांच्या नोटेला असे. हे मला खुपत होतं, आणि खुपतंय हे मी स्वतःला कबूल केलं नव्हतं.

आणखी एक कबूल केलं नव्हतं. ते भेटल्यावर “जय भीम, साहेब” म्हणत आणि मी “नमस्कार, नमस्कार” म्हणत असे. आमच्या घरात भेदभाव नाही असं मी चारचौघांत सांगत असे, आणि ते आले की त्यांना आमच्याच कपातून चहा मिळे, हे खरं आहे. पण त्यांच्या नोटा हाताळून झाल्या की मी उठून हात धूत असे. नोटा मळक्या आहेत म्हणून, असं माझं मला कारण होतं. दुकानदाराकडच्या जुन्या नोटा चाळल्यावर मात्र मी कधी हात धुतल्याचं मला आठवत नाही.

चौदा वर्षांपूर्वी शहरातल्या नाणी-नोटा जमवणाऱ्यांनी एक प्रदर्शन ठरवलं. बहुतेक जण जौहरी बाजारातले व्यापारी, आडनावाला वजन असलेले. आमच्या मंडळाला दोन फलक मिळाले आणि समितीवर मी. एक फलक माझा, एक गार्डसाहेबांचा. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्यांचा संग्रह संग्रह म्हणून मागितला होता. परीक्षकांनी पसंत केलेल्यांना त्या मंडळींच्या संस्थेत सभासद करून घेणार होते. “मतलब आपण आता नुसते शौकीन नाही, साहेब,” ते म्हणाले, “कलेक्टर होणार. रेल्वेत नाही झालो, इथं होतो.” त्यांनी सोळा नोटा निवडल्या. वहिनींनी नव्या पट्ट्या कापल्या, त्यांवर या वेळी हिंदीत लिहिलं: ‘जैसी मिली वैसी’. फलक माझ्या घरच्या मोठ्या टेबलावर लावायचे ठरलं, म्हणून ते आल्बम माझ्याकडे ठेवून गेले. आठ दिवस.

जूनची दुपार होती. घरी मी एकटाच, बायको पुण्याला गेलेली. कूलर चालू होता. मी माझ्या नोटा फलकावर लावल्या आणि शेजारी त्यांच्या ठेवून पाहिल्या. मला वाटलं, आपल्या मंडळाची शोभा होणार. सेठ लोक येतील, अत्तर लावलेली माणसं, आणि हे बघतील. मी परातीत कोमट पाणी घेतलं, चमचाभर धुण्याची पावडर घातली आणि दाढीच्या मऊ ब्रशने एकेक नोट धुतली. पाणी आधी पिवळं, मग करडं झालं. टॉवेलवर टिपून, वर सुती कापड टाकून इस्त्री फिरवली. लेंपिराच्या कोपऱ्यातली शाई पसरून फिकी झाली आणि मग दिसेनाशी झाली. ते मी पाहिलं. ब्रश थांबवला नाही, कारण पंधरा धुतल्यावर एक तशीच ठेवता येत नव्हती.

हे मी अज्ञानाने केलं असं म्हणायची सोय मला नाही. धुतलेली, इस्त्री केलेली नोट न सांगता मांडणं म्हणजे संग्राहकांत फसवणूक, हे मला माहीत होतं. खोट्या नोटा ओळखायचा जांभळा दिवा मी बँकेत वर्षानुवर्षं वापरला होता. धोब्याकडे गेलेल्या नोटेचा कागद त्या दिव्याखाली निळसर पांढरा चमकतो, हेही माहीत होतं. मला वाटलं, इतक्या हलक्या किमतीच्या नोटांवर दिवा कोण धरणार.

जयपूरमध्ये धरतात. परीक्षक जौहरी होते, आणि हिऱ्यांसाठी असा दिवा त्यांच्या खिशातच असतो. माझा फलक आधी झाला, ते “बढ़िया” म्हणाले. मग गार्डसाहेबांचा. गार्डसाहेब नवा सफारी घालून आले होते. वहिनी मागे उभ्या होत्या. फलक गार्डसाहेबांनी त्याच वेळी पहिल्यांदा पाहिला. मी त्यांच्याकडे बघत होतो. ते पुढे झुकले, चष्मा वर केला, लेंपिराच्या कोपऱ्याजवळ तोंड नेलं आणि तसेच राहिले. तेवढ्यात जौहरींनी दिवा लावला. सोळाच्या सोळा नोटा चमकल्या.

“भाईसाहब,” जौहरी हळूच म्हणाले, “ये तो सब नहाई-धोई हैं. और कार्ड पर आपने लिखा है, जैसी मिली वैसी.”

गार्डसाहेबांनी चष्मा खाली घेतला. मग ते माझ्याकडे वळले. “साहेब, तुमच्याकडे होत्या न जी आठ दिवस?”

त्या क्षणी मी खरं बोललो असतो तर काय झालं असतं? चार लोक हसले असते. फार तर मला समितीवरून काढलं असतं. मी म्हणालो, “माझ्याकडे आल्या तेव्हा अशाच होत्या.” आणि एवढ्यावर थांबलो नाही. आजूबाजूला मंडळाची माणसं जमली होती, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने, हसत हसत म्हणालो, “वहिनींनी आंघोळ घातली नाही ना? तुमच्या घरची पद्धतच आहे.”

लोक हसले. विनोद ओळखीचा होता. गार्डसाहेबांनी मागे वळून वहिनींकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, “नाही जी, मी कायले धुईन?” पण त्या घाबरल्या होत्या, आणि घाबरलेल्या माणसाचं खरं बोलणंही खोट्यासारखं ऐकू येतं. जौहरींनी दिवा विझवून खिशात ठेवला. “कोई बात नहीं, घर में औरतों से हो जाता है,” असं म्हणून ते पुढच्या फलकाकडे गेले. दुपारी फलक उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवला. मंडळात पुढे कित्येक महिने वहिनी आल्या की कुणीतरी हळूच ‘धोबीण’ म्हणे. मी म्हणत नसे. म्हणू नका, असंही म्हणत नसे.

त्यानंतर गार्डसाहेब मला भेटत राहिले. जय भीम म्हणत, तब्येत विचारत. नोटांचा विषय निघाला नाही. राजा पार्कला माझ्या घरी मात्र ते पुन्हा आले नाहीत, आणि मीही बोलावलं नाही. एकदा सोडाल्याला दवाखान्यात भेट झाली तेव्हा मी धीर करून विचारलं, “पोस्टमास्तरांचं काय म्हणणं?” ते म्हणाले, “पत्रं येत होती. मग नाही आली.” त्यांनी उत्तरं पाठवणं थांबवलं होतं हे मला नंतर कळलं.

ते गेले तेव्हा मी स्मशानात गेलो, मागे उभा राहिलो आणि घरी आलो. संपादकांचा फोन त्यानंतरचा. लिहायला बसलो की ‘पनामा’पासून सुरुवात होई आणि प्रदर्शनापाशी हात थांबे. तीनदा फाडलं. शेवटी एका दुपारी रिक्षा करून मुरलीपुऱ्याला गेलो. मुलगा-सून कामावर, वहिनी एकट्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. परात, पावडर, ब्रश, इस्त्री, सगळं. सांगताना लक्षात आलं की हे मी मनात इतक्या वेळा सांगून पाहिलं होतं की आता ते सरकारी अहवालासारखं येत होतं.

वहिनींनी एक खुर्ची पुढे सरकवली. मग म्हणाल्या, “बसा.” मी बसलो.

“मले माहीत होतं मी नाही धुतल्या,” त्या म्हणाल्या. “त्याचं काय करू मी? त्याईनं मले कधी विचारलंच नाही. एक शब्द नाही. विचारलं असतं त भांडली असती. त्या दिवशीपासून आल्बम पेटीत आन् पेटीले कुलूप. पट्ट्या कापू काय म्हटलं, त म्हणे राहू दे. पत्र आलं त एकटेच वाचत, तोंडातल्या तोंडात. मग तेही बंद केलं.”

“त्यांना माझा संशय आला असेल,” मी म्हणालो. मला तसं वाटायला हवं होतं.

“तुमचा आला असन, नाही त माझा. तुमचा आला असन त तुम्ही साहेब, तुमाले काय बोलतील? माझा आला असन त मी घरची, मले काय बोलतील? चौदा वर्षं मी त्याईच्या तोंडाकडे पाहत होती, यातलं कोणतं आहे म्हणून.” त्या थांबल्या. “आता तुम्ही मले सांगता. त्याईले सांगाचं होतं.”

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, “माह्याकडून माफी घेऊन घरी जासान तुम्ही, झोप लागन. मी म्हणत नाही घ्या, म्हणत नाही नका घेऊ. जिथं बोलले होते तिथं बोला. सगळ्यायसमोर बोलले होते न?”

मंडळाच्या सभागृहात उभं राहून बोलण्याइतका दम माझ्यात नाही, हे मी त्यांना खरं सांगितलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने सांगायला ही गोष्ट शोभत नाही, पण खरी आहे. मी म्हणालो, स्मरणिकेत लिहितो. ती प्रत्येक घरात जाते. त्या म्हणाल्या, “छापायच्या आधी मी वाचीन.”

म्हणून हा मजकूर मी लिहून गेल्या आठवड्यात त्यांना नेऊन दिला. त्यांनी तो खिडकीशी बसून, ओळीवर बोट ठेवून, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मध्ये दोनदा थांबल्या. कुठे, ते मी पाहिलं, पण इथे लिहिणार नाही. गार्डसाहेब किती चांगले होते यावर मी शेवटी एक परिच्छेद लिहिला होता, त्यावर त्यांनी बोट आडवं फिरवलं. “हे काढा. ते कसे होते हे लोकायले माहीत आहे.” मग कागद चाळून म्हणाल्या, “आन् माहं नाव नाही यात कुठं.”

मी म्हणालो, “वहिनी असं लिहिलंय सगळीकडे. आदराने.”

“धोबीण म्हणत तेव्हा सगळ्यायले समजत होतं कोण,” त्या म्हणाल्या. “आता वहिनी म्हटल्यावर कोण समजन? नाव लिहा.”

तो परिच्छेद काढला आहे. त्या जागी त्यांनी सांगितलं तसं लिहितो. कुसुम मेश्राम यांनी आपल्या यजमानांच्या संग्रहातली एकही नोट कधी धुतली नाही. त्या सोळा नोटा मी धुतल्या, आणि दोष त्यांच्यावर ढकलला.